खुराड्याची हवा

नेपरव्हिल,
३ नोव्हेंबर २०२४

चारुभावजी, आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नका, सगळे ठीक आहेत. फोनवर मला हल्ली धड ऐकू येत नाही. शिवाय राधिकाचं ऑफिस आमच्या डायनिंग टेबलावरच भरतं. तिची मीटिंग चालू असताना मी तुमच्याशी कोंबड्यांबद्दल ओरडून बोलले तर सुनेची नोकरी जायची. म्हणून कागद.

हो, कोंबड्यांबद्दलच. तुम्ही जन्मभर हॉस्पिटलांची हवा खेळती ठेवायची कामं केलीत, आता वहिनीचं एक खुराडं करा.

दोन वर्षांपूर्वी अनयाला कोंबड्या हव्या झाल्या. हे नुकते गेले होते, घर सुन्न होतं, म्हणून निमिषनं हौसेनं तयार खुराडं मागवलं. खोक्यातून फळ्या आल्या, बापलेकींनी एका दुपारी जोडलं. खोक्यावर लिहिलं होतं, आठ कोंबड्यांसाठी. आठ मावतील हो, पण एकमेकींच्या डोक्यावर. आमच्या सहाच. अनयाची हौस पंधरा दिवसांत फिटली आणि कोंबड्या आल्या माझ्या गळ्यात. अंडं घरात आलं म्हणून सासूबाईंनी भांडं बाहेर काढलं होतं, आठवतं ना? त्यांची सून आता कोंबड्यांची शिट काढते.

पण जीव लागला, खोटं कशाला बोलू. अनया त्यांना पॅनकेक आणि नगेट म्हणते. मी बायजा, पाटलीण, गोदा, सटवी अशी नावं ठेवली. खुराडं लहान असलं तरी उंच आहे, वाकून आत शिरता येईल एवढं दार आहे, मी आत एक स्टूलच ठेवलंय.

गोदा परवा गेली. आधी तुरा काळा पडला, मग घशातून घरघर. सकाळी आत गेलं की काचेवरून पाणी ओघळत असतं आणि वासानं डोळ्यांची आग होते. निमिष म्हणतो, अजून एक मेली तर सगळ्या ऑरोराकडच्या एका फार्मवाल्याला देऊन टाकीन. तो बोलतो ते करतो, बापावर गेलाय.

त्या गेल्या तर माझं काय व्हायचं ते मला ठाऊक आहे. तेव्हा काय करायचं ते लवकर लिहा.

मला जरा खोकला आहे, हवा बदलली की होतो. तुम्ही साखर सोडलीत का? नसेलच.

तुमची,
मृणालिनीवहिनी

---

डब्लिन, ओहायो
१० नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार. गुडघ्यांमुळे पाया पडतो तो मनातल्या मनात.

पत्र दोनदा वाचलं, दीपालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तुमच्या चेहऱ्यावर असं तेज पाहिलं नव्हतं. काय करणार, कोणी हवेबद्दल विचारतच नाही.

तुमचं खुराडं म्हणजे शिट्टी न होणारा कुकर आहे. कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, शिट ओली असते, ती वाफ जायला जागा नाही. मग ती काचेवर बसते, तुऱ्यावर बसते आणि तुरा गोठून काळा पडतो. वहिनी, कोंबडी थंडीनं मरत नाही, तिच्या अंगावर पिसांची रजई असते. ती मरते ओलीनं आणि त्या वासानं. ही तयार खुराडी विकणारे लोक एक बोटभर जाळी लावतात आणि तिला व्हेंटिलेशन म्हणतात.

निमिषला सांगा, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना वर, वळचणीखाली, लांबट भोकं पाडायची. चांगली हात जाईल एवढी. त्यांची बसायची दांडी त्याच्या बरीच खाली हवी. वारा डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही. भोकांना बारीक चौकोनी लोखंडी जाळी ठोका, साधी कोंबड्यांची जाळी रॅकून हातानं फाडतो. आणि हिवाळ्यातही उघडी ठेवायची. बर्फ पडलं तरी. चित्र काढून सोबत पाठवतोय.

साखरेचं विचारू नका. तुम्ही चाळीस वर्षं सांगताय, मी चाळीस वर्षं ऐकत नाहीये, आता मध्येच नियम कशाला मोडायचा?

फोन का उचलत नाही? कानाचं यंत्र घ्या.

तुमचा,
चारू

---

नेपरव्हिल,
१ डिसेंबर

चारुभावजी,

भोकं पडली. निमिष तोंड वाकडं करून शिडीवर चढला, तुमचं चित्र दातात धरून. दुसऱ्याच दिवशी काच कोरडी! वास गेला. पाटलीण अंगणभर अशी मिरवली की जणू करवत तिनंच चालवली. तुमच्या दादांना दाखवायला हवं होतं. ते तुम्हाला ‘वारेवाला’ म्हणायचे आणि पाठीमागे सगळ्यांना तुमचंच कौतुक सांगायचे.

पण गेल्या आठवड्यात इथे बोचरा वारा सुटला आणि माझा धीर सुटला. वळचणीतून वारा आत येतोय आणि त्या बिचाऱ्या दांडीवर बसल्यात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीची फट राहिली तरी बायका बोलणी खायच्या. मी भोकांत गोधडीचे बोळे कोंबले. आणि सटवी शिंकत होती म्हणून संध्याकाळी शेगडीवर ओव्याची आणि लसणाच्या सालांची धुरी दिली. दार लावून पाच मिनिटं मीही आत बसले, म्हटलं माझाही खोकला मोकळा होईल.

बाकी स्वच्छता विचारू नका. उठलं की आधी केर, मग चहा, हे सासूबाईंचं वळण अजून सुटलं नाही. निमिषच्या घरात रोबो केर काढतो, मला कोणी झाडू लावू देत नाही. मग मी खुराडं झाडते. खाली भुसा, वर कोरडी शिट, खराट्यानं कोपरान् कोपरा काढते. धूळ इतकी उडते की उन्हाच्या तिरिपेत सोन्यासारखी दिसते. मग स्टूलवर बसून त्यांच्याशी गप्पा. दिवसातला तेवढा वेळ माझा असतो.

खोकला आहे अजून. जिना चढले की जरा थांबावं लागतं. वय झालं.

मृणालिनीवहिनी

---

डब्लिन,
८ डिसेंबर

वहिनी,

आधी ते बोळे काढा. हे पत्र खाली ठेवा, जा, काढा, मग पुढचं वाचा.

काढले? तुमच्या त्या मायेनंच गोदा मेली असती, ती आधीच मेली म्हणून वाचली. कोंबडी बाळंतीण नाही. आणि धुरी? बंद खोलीत धूर करून खोकला मोकळा होतो हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पुन्हा केलीत तर मी निमिषला सांगेन.

वाऱ्याची भीती वाटते ना, त्यावर उपाय आहे. मी एक छोटा एक्झॉस्ट फॅन पाठवतोय. पूर्वेकडच्या भोकात बसवायचा आणि सतत चालू ठेवायचा. आतली हवा बाहेर ओढतो, आवाजही फारसा करत नाही. रात्री त्याची घूंऽ ऐकू आली की समजायचं, तुमच्या मुली श्वास घेतायत.

झाडता ते मात्र उत्तम करता. कोरडं ठेवा. हवेच्या धंद्यात एवढी वर्षं काढली, पण इतकं शिस्तीचं गिऱ्हाईक मिळालं नाही.

खोकल्याला दीपा ज्येष्ठमध सांगतेय. मी सांगतो डॉक्टर.

चारू

---

नेपरव्हिल,
१८ फेब्रुवारी २०२५

चारुभावजी,

इतके दिवस लिहिलं नाही. अक्षर असं का आलंय म्हणाल, तर चार ओळी लिहिल्या की थांबते.

तुमचा फॅन झकास आहे. बायजानं ऐन थंडीत अंडी घालायला सुरुवात केली. अंड्यांचे भाव वाढल्यापासून शेजारच्या बायका मला लवून नमस्कार करतात.

आता खरं सांगते. कान माझे शाबूत आहेत. फोनवर बोलायला लागले की खोकल्याची उबळ येते आणि तुम्ही ती ऐकाल, म्हणून पत्रं.

जानेवारीत मी हॉस्पिटलमध्ये होते. निमिषला मीच म्हटलं, काकांना कळवू नकोस, ते बर्फात गाडी काढून येतील. न्यूमोनिया म्हणाले, मग नाही म्हणाले. स्टेरॉइड दिली, चार दिवसांत टवटवीत झाले. घरी आले आणि आठवड्यात पुन्हा तेच.

एक छातीची डॉक्टरीण आहे, तरुण, शांत बोलणारी. राधिका गाडी लावायला गेली होती तेव्हा तिनं विचारलं, घरात पक्षी आहेत का? पोपट, कबुतरं, काहीही? पिसांची आणि शिटेची धूळ काही जणांच्या फुफ्फुसांना बाधते, आतून ती कडक होत जातात, आणि मग पाखरं लांब केल्याशिवाय इलाज नसतो.

मी म्हटलं, नाही.

घरात कुठे आहेत? अंगणात आहेत. अशी मी माझीच समजूत घातली. तिनं नाही असं लिहून घेतलं.

भावजी, तुम्ही खुराड्यातला वास घालवलात, ओल घालवलीत. ही धूळही घालवता येईल ना? अजून भोकं पाडायची, मोठा फॅन बसवायचा, जे काय लागेल ते. एवढी हवा करा की मला आत बसता येईल. तुमच्याशिवाय हे कोणाला विचारू?

निमिषला यातलं काही सांगायचं नाही. राधिकाला नाही, दीपालाही नाही. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे.

मृणालिनीवहिनी

---

डब्लिन,
२६ फेब्रुवारी

वहिनी,

काय करून ठेवलंत हे? मला खूप राग आला आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे.

मी तुम्हाला कोरडं ठेवा म्हणून लिहिलं, उत्तम करता म्हणून शाबासकी दिली. मी कोंबड्यांना किती हवा लागते त्याचा हिशोब केला, स्टूलवर कोण बसलंय ते पाहिलंच नाही. ओल गेली तशी शिट वाळून भुगा झाली. आणि तुम्ही रोज त्या भुग्यात खराटा घेऊन उभ्या.

तुम्ही डॉक्टरणीला सांगा. स्वतः सांगा. मार्चमध्ये तपासणी असेलच. मी सांगणार नाही, शपथ घातलीत ना. या देशात आलो तेव्हा विमानतळावरून तुमच्या घरी उतरलो, तुमच्या हातचं खाऊन शिकलो. आईची शपथ एखाद वेळेस मोडली असेल मी, तुमची मोडवत नाही. पण मला असं बांधायला नको होतं.

तोवर आत पाऊल टाकायचं नाही. झाडायचं नाही. भुसा अनयाकडून ओला करून काढून घ्या. अगदीच जावं लागलं तर तो घट्ट मास्क लावायचा, मी डबा पाठवतोय. एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले की मी येतो. खुराड्याला घराच्या बाजूनं मोठी काचेची खिडकी करतो आणि तुमचं स्टूल मागच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवतो. बाहेर बसून बोला त्यांच्याशी. हवेचं माझ्यावर सोडा, काहीतरी करू आपण.

रोज लिहा. दोन शब्द लिहा, पण लिहा.

चारू

---

नेपरव्हिल,
२३ मार्च

चारुभावजी,

रागावू नका. तपासणी झाली. सांगायचं ठरवून गेले होते, खरंच. या वेळी राधिका शेजारीच बसली होती. तिनं माझा हात धरला होता. जीभ उचलली नाही.

घरात मला आता ऑक्सिजनची नळी आहे. लांबलचक आहे, स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत पोचते. त्याच्यापुढे नाही पोचत. म्हणून राधिका मीटिंगमध्ये असली की मी ती दाराच्या मुठीला अडकवते आणि जाऊन येते. तुमचा मास्क लावून पाहिला. आधीच श्वास पुरत नाही, त्यात तो. काढून ठेवला.

झाडत नाही मात्र. तेवढं ऐकलं तुमचं. खराटा उचलतच नाही.

तुम्ही म्हणाल, कोंबड्यांसाठी जीव देताय का? देत नाहीये हो. निमिष चांगला आहे, राधिका तर पोटच्या मुलीसारखं करते. पण माझ्याशी जे बोलतात ते एवढंच, औषध घेतलंस का, जेवलीस का, पडू नकोस. अनया बोलते तेव्हा मला अर्धं कळतं, मी बोलते तेव्हा तिला अर्धं. बायजाशी मी यांच्या तक्रारी बोलते. तुमचे दादा किती हट्टी होते, मला न विचारता घर कसं विकलं, शेवटच्या दिवसांत माझ्यावर कसे खेकसले. गेलेल्या माणसाच्या तक्रारी जिवंत माणसांना सांगता येत नाहीत. मुलाला सांगितलं तर त्याला वाईट वाटतं. कोंबड्यांना नाही वाटत. त्या मान तिरकी करून ऐकतात आणि भुसा उकरतात. तक्रारी बोलून झाल्या की मला ते आवडायला लागतात पुन्हा. मग मी घरात येते.

हे माझं सुटलं तर मी नुसती नळीला जोडलेली बाई आहे.

तुम्ही एप्रिलमध्ये या. खिडकी करा. मग मी बाहेर बसेन, आणि डॉक्टरणीला तेव्हा सांगेन.

वहिनी

---

डब्लिन,
२९ मार्च

वहिनी,

काल संध्याकाळी मी निमिषला फोन केला. सगळं सांगितलं.

‘नळी दाराच्या मुठीला अडकवते’ हे वाक्य मी वाचलं आणि मला पुढचं वाचता येईना. निमिषनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

हे पत्र पोचेपर्यंत तो फार्मवाला येऊन गेला असेल. मला माफ करा असं म्हणायची माझी छाती नाही. शपथ मोडली, एवढंच कळवतो. बाकी जे काय बोलायचं ते तुम्ही बोला.

चारू

---

नेपरव्हिल,
२७ एप्रिल

चारुदत्त,

भावजी म्हणणार नव्हते, म्हणून असं लिहिलं. लिहिल्यावर परकं वाटलं. तर असो, भावजी.

महिनाभर तुमचे फोन आले ते मी घेतले नाहीत. दारापर्यंत आलात आणि मी खोलीतून बाहेर आले नाही. दीपानं दिलेला डबा राधिकानं आत आणून दिला, खाल्ला. भाजणी जास्त भाजली होती.

त्या गेल्या त्या दिवशी निमिषनं मला खिडकीत बसवलं होतं. फार्मवाल्यानं एकेकीचे पाय धरून त्यांना पिंजऱ्यात घातलं. पाटलीण भांडली. बायजा नाही भांडली. रात्री निमिष माझ्या खोलीत जमिनीवर झोपला, लहानपणी ताप आला की झोपायचा तसा.

डॉक्टरणीला आता सगळं ठाऊक आहे. तीही रागावली नाही. छातीचा फोटो दाखवला. म्हणाली, जो भाग सुजला होता तो बरा होईल, पण जो कडक झालाय तो परत मऊ होत नाही. मी विचारलं, डिसेंबरातच येऊन सांगितलं असतं तर? ती म्हणाली, बराच फरक पडला असता. फेब्रुवारीत? म्हणाली, तेव्हाही पडला असता. आता किती दिवस ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निमिषनं बाहेर जाऊन विचारलं असावं, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

खोटं मी बोलले. चूक माझी, ती कोणावर ढकलत नाही. पण भावजी, मी इथे पडल्या पडल्या एकच गोष्ट घोळवत असते. लहानपणी आपण म्हणायचो, गळ्याची शपथ मोडली की ज्याची घातली तो माणूस मरतो. तुम्ही मोडलीत म्हणून मला काही झालं नाही. तुम्ही ती महिनाभर पाळलीत.

साखर सोडा म्हटलं, नाही सोडलीत. हायवेला लागून घर घेऊ नका म्हटलं, घेतलंत. दीपाला माहेरी पाठवा म्हटलं, वर्षभर पाठवलं नाहीत. जन्मात माझं एक ऐकलं नाहीत. मग हेच कशाला ऐकलंत?

खुराडं रिकामं आहे. दार सताड उघडं आहे, आत ऊन येतं, वास नाही, ओल नाही, धूळ नाही. तुम्हाला हवी होती तशी हवा आहे आता. तुमचा फॅन बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. खिडकी उघडी असली की त्याची घूंऽ ऐकू येते. मी निमिषला सांगत नाही.

या शनिवारी या. या वेळी दार उघडेन. शपथ सुटली.

तुमची,
वहिनी